शिवणाच्या खोलीतल्या चिनी खुर्च्या

पहिली खुर्ची आली ती भर दुपारी. जेवणं आटोपून आमची सगळी वाडी आडवी होते ती वेळ. मी पुढच्या, शिवणाच्या खोलीत मशीनवर एका ब्लाउजला अस्तर लावत बसले होते, तर दाराशी पिकअप थांबली. माझा नवरा तेव्हा पेडणे तालुक्यात, समुद्राकडच्या एका दुकानात ड्रायव्हर होता. दुपारचे हे कधी घरी येत नसत, म्हणून आधी घाबरलेच, कुठे लागलं-बिगलं की काय. बाहेर आले तर हे मागचं फाळकं उघडून जुन्या गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी ओढत होते.

“जरा हात लाव गो,” म्हणाले.

हात लावला आणि कंबरच वाकली. लाकूड आहे की दगड ते कळेना. दोघांनी मिळून कसंबसं ते शिवणाच्या खोलीत नेलं आणि गोधडी सोडली. आत खुर्ची. काळीभोर, पण उजेड पडला की आतून तांबूस दिसणारी. पाठीला सगळीकडे कोरीव काम, वेली, फुलं, आणि हातांच्या टोकाला तोंड वासलेले दोन सर्पासारखे प्राणी, मिशीवाले. बसायच्या जागी संगमरवराची गोल फरशी, तिच्यात पावसाळी ढगांसारख्या करड्या रेघा. एक खिळा कुठे दिसला नाही.

“चिनी आहे. जुनी,” हे म्हणाले. “दुकानाचं छप्पर गळतंय. सर म्हणाले, चार दिवस तुझ्या घरी ठेव.”

चतुर्थी नुकतीच झाली होती, पाऊस अजून अधूनमधून यायचा. मला त्यात खोटं काही वाटलं नाही. खरं म्हणजे बरंच वाटलं, मालकाचा आपल्या माणसावर एवढा विश्वास आहे म्हणून.

आमच्याविषयी थोडं सांगायला हवं. मी मूळची दोडामार्गाकडची, लग्न होऊन डिचोलीत आले. डिचोलीहून मयेकडे जाताना आत वळलं की आमचं घर लागतं. लग्न झालं तेव्हा हे खनिजाचा टिप्पर चालवत. खाण बंद पडली, टिप्पर रस्त्याकडेला उभे राहून गंजले, आणि जो तो मिळेल त्या गाडीवर चढला. यांना ही दुकानाची पिकअप मिळाली. दुकान जुन्या फर्निचरचं. मालक नवरा-बायको. नवरा दिल्लीकडचा, त्याला हे सर म्हणत. बायको बारदेशातली, ख्रिश्चन, तिला मॅडम. जुन्या घरांतली कपाटं, पलंग, आरसे विकत घ्यायचे, घासूनपुसून हॉटेलवाल्यांना आणि किनाऱ्यावर बंगले बांधणाऱ्यांना विकायचे. मी त्या दोघांपैकी कुणालाच पाहिलं नव्हतं.

मी घरी शिवते. त्यामुळे आमच्या घरात काही लपून राहत नाही. सकाळपासून बायकांची ये-जा, माप द्यायला, फॉल लावायला, बाही ढिली करून घ्यायला. खुर्चीवर मी जुनी चादर टाकली तरी पहिल्याच दिवशी माझ्या सासूने ती उचलून पाहिली. त्या खाली वाकल्या, डोळे बारीक केले आणि ओरडल्याच.

“अगो, ह्येच्यावर वाघळा आसत!”

खरंच होती. मी फुलं समजत होते, ती पंख पसरलेली वटवाघळं निघाली, पाठीवर ओळीने कोरलेली.

“घरात वाघळा कोण हाडता? आणि तां जनावर माझ्याकडे बघता. भायर काढ त्येका.”

“चार दिवस, आई,” मी म्हटलं.

चार दिवसांनी दुसरी खुर्ची आली, पहिलीची जोडीदार. मग एक उंच, नाजूक पायांचं मेज. मग, दोन माणसं बरोबर घेऊन, एक कपाट. त्या कपाटाचे कप्पे एका पातळीत नव्हते, एक वर, एक खाली, जिन्यासारखे, आणि कडेने बांबूची पेरं कोरलेली. शिवणाच्या खोलीत आता मला मशीनभोवती तिरकं होऊन फिरावं लागायचं. मुलीला मी बजावलं होतं की तिथे खेळायचं नाही. ती तशीही फिरकत नव्हती, आजीने तिला त्या जनावरांविषयी काय काय सांगून ठेवलं होतं.

कपाट आलं तेव्हा मी विचारलं, “छप्पर अजून झालं नाही?”

“छप्पर झालं,” हे म्हणाले. “आता आत पॉलिशचं काम चाललंय. धूळ बसते.”

म्हणजे कारण बदललं. सुई बोटात शिरावी तसं ते आत गेलं. त्यानंतर मी बघायला लागले. यांना फोन आला की हे उठून अंगणात जायचे, पार माडाखाली. आधी कधी जात नसत. माल यायचा तो नेहमी दुपारचाच, लोक झोपलेले असताना. आणि एक दिवस मी मशीनवर बसायला आले तर यांनी त्या खोलीच्या जनेलाला आतून माझंच एक कापड लावलेलं, गिऱ्हाइकाचं नव्हे म्हणून बरं.

“काळोखात मी शिवू कशी?”

“उन्हाने लाकूड तडकतं,” हे म्हणाले.

त्याच सुमारास एक गिऱ्हाईक बाई माप देता देता म्हणाली, मयेकडे एक बंद घर फोडलं म्हणे. घरवाले परदेशात, शेजाऱ्यांना दार उघडं दिसलं. पोलीस येऊन गेले. मी टेप तिच्या खांद्यावर धरून तशीच उभी राहिले. “काय नेलं?” मी विचारलं. तिला ठाऊक नव्हतं. “असलं काय असणार त्या घरांत? जुनं सामान,” ती म्हणाली आणि तिची नजर चादरीकडे गेली. की मला तसं वाटलं. तेव्हापासून प्रत्येक बाईची नजर चादरीकडे जाते असं मला वाटायला लागलं. एकीने सहज विचारलं, “गो, नवीन फर्निचर घेतलंस?” तर मी इतक्या जोरात नाही म्हटलं की ती बिचारी गप्पच झाली.

एकदा घरात कुणी नसताना मी चादर काढून त्या दोन्ही खुर्च्या नीट पाहिल्या. वाकून, खालून, मागून. काय शोधत होते ते मलाही ठाऊक नव्हतं. नुसता वास आला, डांबरगोळ्यांचा आणि मेणाचा. पण एका खुर्चीचा डावा हात मला वेगळा दिसला. बाकी सगळं लाकूड काळं, आणि तिथे, त्या जनावराच्या मानेमागे, रंग उडून ते गुळगुळीत पिवळट झालं होतं. कुणीतरी वर्षानुवर्षं तिथे तळहात ठेवून बसलं होतं. दुकानाने विकायला घेतलेली वस्तू असती तर घासून-पॉलिश करून ती जागा कधीच काळी केली असती. मला वाटलं, हा माल नाही. हे कुणाच्यातरी घरातलं आहे, आणि त्या घराला ठाऊक आहे का, की हे इथे डिचोलीत माझ्या मशीनपाशी चादरीखाली आहे?

मग मी एक केलं. घरी सांगितलं की म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात लेस आणायला जाते. म्हापशाला गेलेही, पण तिथून पेडण्याची बस धरली, पुढे समुद्राकडची दुसरी, आणि विचारत विचारत दुकान काढलं. मला आपलं छप्पर बघायचं होतं.

छपराला काही झालेलं नव्हतं. नवे पत्रे, त्यांना रंगसुद्धा नवा. आत कोरडं ठणठणीत. पॉलिशचा वास नाही, कामगार नाहीत. पलंग, आरसे, झुंबरं मांडलेली, पण मधेमधे रिकाम्या जागा, जिथून काही उचललेलं आहे हे जमिनीवरच्या फिकट चौकोनांवरून दिसत होतं. एक गोरा, दाढी केलेला माणूस खुर्चीत बसून मोबाइल बघत होता. हेच सर असणार. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हिंदीत विचारलं, काय हवंय? माझ्या हातात लेसची पिशवी. मी म्हटलं, चुकून आले. तो हसला. चांगलं हसला, खरं सांगायचं तर. पण मी दाराबाहेर पडेपर्यंत त्याची नजर माझ्या पाठीवर होती.

घरी येईपर्यंत मी मनात सगळं ठरवलं होतं. सासूबाई देवळात गेल्या होत्या. यांनी चहाचा कप हातात घेतला तोवर मी म्हटलं, “छप्पर नवं आहे.”

कप तसाच राहिला. “तू गेली होतीस?”

“गेले होते. चोरीचं आहे का?”

“खुळी की काय तू!”

“मग लपवताय कशाला? एकदा गळतं म्हणता, एकदा पॉलिश म्हणता, माझ्या जनेलाला कापड लावता. उद्या पोलीस आले तर ते माझ्या मशीनपाशी येणार. तुमच्या पिकअपपाशी नाही.”

यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “त्या दोघांचं पटत नाही. वेगळे होणार आहेत. वाटण्या व्हायच्या आधी सर थोडा माल बाजूला काढतायत. बाकी काही नाही. नवरा-बायकोचं भांडण आहे, आपण त्यात पडायचं नाही.”

“आपण पडलोच आहोत. माल कुणाचा आहे?”

“दुकानाचा.”

“नक्की?”

“दुकानाचाच,” म्हणाले, आणि चहा न पिता उठले.

चोरी नाही म्हणून जीव खाली पडायला हवा होता. पण तो ‘दुकानाचाच’ मला टोचत राहिला. यांना मी ओळखते. हे खरं बोलतात तेव्हा एकदाच बोलतात.

नंतरच्या आठवड्यात एक नवीन गिऱ्हाईक आलं. माझ्याच वयाची बाई, केस आखूड कापलेले, पायात साध्या चपला, पण घड्याळ भारी. गाडी लांब उभी करून चालत आली होती. एक फ्रॉक आखूड करून हवा होता. बोलली कोंकणीतून, अगदी गोड. मी फ्रॉक उलटा करून पाहिला. खालची पट्टी नुकतीच कुणीतरी सुबक हातशिलाईने घातलेली, आणि लांबी तिला अगदी बरोबर होत होती. माझ्यापर्यंत इतक्या लांब कोण येतं, बरोबर असलेला फ्रॉक बिघडवायला?

“किती आखूड करू?” मी विचारलं.

“तुमकां दिसता तितलो,” ती म्हणाली. फ्रॉककडे तिचं लक्षच नव्हतं. “मातशें उदक मेळटलें?”

मी पाणी आणायला आत गेले आणि त्याच वेळी सासूबाई बाहेर आल्या. पाहुणीला उभी पाहून त्यांनी तिला बसायला सांगितलं, एवढंच नाही तर कुठे बसायचं नाही तेही सांगितलं. “थंय नको गो बसू, त्या कदेलीवर वाघळा आसत.” मी तांब्या घेऊन आले तर चादर जमिनीवर पडली होती आणि ती बाई खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली होती.

“मी तुमच्या नवऱ्याच्या शेटाची बायको,” ती म्हणाली. आवाजातला गोडवा गेला होता, पण रागही नव्हता. “या खुर्च्या माझ्या पपांच्या.”

मग ती त्या खुर्चीत बसली. तिचा डावा हात आपोआप त्या पिवळट जागेवर गेला, पण तो तिथे पुरता बसला नाही. तिचा हात लहान होता. तिने सांगितलं की तिच्या आजीचे वडील मकावला नोकरीला होते, परत येताना बोटीतून हे सगळं घेऊन आले. पपा रोज संध्याकाळी बाल्कांवात, घरापुढच्या ओसरीवर, याच खुर्चीत बसत. ते गेले, भाऊ परदेशात, घरात एकटी म्हातारी आत्या. वाळवी लागेल म्हणून मॅडमनेच हे दुकानात आणून ठेवलं, ठेवायला, विकायला नाही. नवऱ्याने एका हॉटेलवाल्याशी सौदा केला. ती नाही म्हणाली, आणि काही दिवसांत एकेक वस्तू दिसेनाशी झाली.

“वाघळां चिनी लोकांत भाग्याचीं,” तिने सासूबाईंना सांगितलं. सासूबाईंना ते पटल्यासारखं दिसलं नाही.

ऐकताना मला तिची दया आली हे खरं. पण मी शिवणकाम करते, उसवलेलं आधी तपासून बघते. ही बाई माझ्या घरात खोटा फ्रॉक घेऊन शिरली होती. खोटं बोलणाऱ्याचं पुढचं सगळं खरं कसं मानायचं? नवरा म्हणणार दुकानाचं, बायको म्हणणार बापाचं. पपा याच खुर्चीत बसत हे तिने मला चादर काढल्यावर सांगितलं, आधी नाही.

मी म्हटलं, “बाई, तुमच्या यजमानांच्या शब्दावर हे इथे आलं. तुमच्या शब्दावर मी देऊ शकत नाही. आणि आता त्यांच्या शब्दावरही बाहेर जाऊ देणार नाही. दोघं समोर या, मग न्या.”

मला वाटलं आता ओरडेल. ती म्हणाली, “तुमच्या घोवाक आपयात.”

मी यांना फोन केला, तिच्यासमोरच. “मॅडम इथे बसल्यात. सरांना घेऊन या.” मग फोन बंद.

ते येईपर्यंत आम्ही तिघी त्या खोलीत बसून होतो. सासूबाईंनी तिला उंडो पाव आणि चहा दिला. मी मुद्दाम दाराच्या बाजूला बसले. तिने एकदा मोबाइल काढला तर मी विचारलं, “कुणाला?” तिने तो परत पर्समध्ये ठेवला.

हे एकटेच आले. घामाने शर्ट चिकटलेला. मॅडमकडे न बघता मला म्हणाले, “सर येत नाहीत. फोनवर आहेत.” आणि मोबाइल माझ्या हातात दिला. तो चांगलं हसणारा माणूस हिंदीत, अगदी समजुतीने बोलला. ती बाई आजारी आहे, तिच्या डोक्यावर परिणाम झालाय, ती काहीही रचून सांगते. सगळा माल दुकानाच्या पैशांतून घेतलेला आहे. तुमच्या नवऱ्याला सांगा, गाडीत भरून आत्ताच्या आत्ता मांद्र्याला पोचवायला. तुम्ही समजदार आहात.

फोन स्पीकरवर होता. मॅडम ऐकत होती. मी यांच्याकडे पाहिलं. “तुम्ही सांगा. कुणाचं आहे?”

हे भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी आधी आईकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

“मीच भरून आणलं होतं,” ते म्हणाले. “मॅडमच्या घरून. दुकानाने घेतलेलं नाही. त्यांची आत्या गेटपर्यंत गाडीच्या मागून चालत आली होती. मला म्हणाली, बाबा, सावकाश ने, हे परत येणार आहे.”

फोनमधून सर काहीतरी बोलत होते. यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, “सर, पिकअपची चावी दुकानात ठेवतो.” आणि बंद केला.

शेजाऱ्यांचा टेंपो बोलावला. दुकानाची पिकअप वापरायला मॅडम तयार नव्हती, आणि खरं तर हेही नव्हते. कपाट काढताना दाराच्या चौकटीला त्याचा कोपरा घासला, मॅडम कळवळली, पण लाकडाला काही झालं नाही, चौकटीचाच रंग गेला. टेंपोत सगळं दोऱ्यांनी बांधल्यावर तिने माझे दोन्ही हात धरले. तो फ्रॉक माझ्याकडेच राहिला, नंतर कुणी न्यायला आलं नाही.

त्या दिवशी यांची नोकरी गेली. त्याबद्दल मी यांना कधी काही म्हटलं नाही, आणि शेवटी खरं बोलले म्हणून शेजारणींसमोर कौतुकही केलं. पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ती म्हातारी गेटपर्यंत चालत आली, हे पोटात ठेवून त्यांनी माझ्या तोंडावर ‘दुकानाचाच’ म्हटलं, दोनदा. मी विचारलं एकदा, का?

“मालक होते. काय सांगू?” म्हणाले.

“मला सांगायचं होतं.”

“तुला सांगितलं असतं तर तू ठेवू दिलं नसतंस.”

ते खरं होतं.

मयेच्या त्या घरातून फक्त तांब्याची भांडी गेली होती असं नंतर कळलं. दुकान काही दिवसांत बंद झालं. मॅडमचा एकदा फोन आला, आत्या बरी आहे, खुर्च्या बाल्कांवात आहेत. मला बरं वाटलं. मग साधारण वर्षाने एक गिऱ्हाईक, तिची मुलगी किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात कामाला आहे, मला सांगत होती की त्यांच्या साळेत, म्हणजे दिवाणखान्यात, काळ्या खुर्च्या आहेत, वटवाघळांच्या, बसायला फरशी. किती, विचारलं मी. जोडी, म्हणाली. एकीच्या डाव्या हाताचा रंग उडालेला आहे का, ते मी विचारणार होते. पण तिला ते वेड्यासारखं वाटलं असतं. यांना सांगितलं तर हे म्हणाले, असल्या जोड्या गोव्यात पुष्कळ. असतीलही. आत्या गेली असेल, बाईला पैशांची गरज पडली असेल, किंवा आम्हाला सांगितलं तेच सगळं रचलेलं असेल. मी जाऊन बघितलं नाही. मॅडमना फोनही केला नाही.

हे आता शाळेची बस चालवतात. मुलांचे आईबाप यांच्यावर खूष आहेत. कधी यायला उशीर झाला तर मी विचारते, कुठे होतात? पूर्वी एका शब्दात उत्तर द्यायचे. आता सगळं सांगतात, कुठल्या वळणावर बस थांबली, कुठल्या मुलाची बाटली राहिली, परत कसे वळले, पाववाला पोदेर कसा आडवा आला. मी मशीन न थांबवता ऐकते. आणि ते जितकं जास्त सांगतात, तितका माझा पाय मशीनच्या पायडलवर मंदावत जातो.